चौल किनाऱ्याचे संरक्षण व खारबंदिस्ती

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या चौल परिसरात भरतीच्या पाण्यापासून शेती, बागायत व वस्ती यांचे रक्षण करण्यासाठी बांध घालण्याची पद्धती जुन्या काळापासून चालत आलेली आहे. भरतीखालील जमीन बांध घालून लागवडीस आणण्याच्या या क्रियेस ‘खारबंदिस्ती’, अशा जमिनीस ‘खार’ किंवा ‘खारभूमी’ आणि अशा गावांच्या पट्ट्यास ‘खारेपाट’ म्हणतात. समुद्रपातळीतील वाढीमुळे एकविसाव्या शतकात किनारी प्रदेशाच्या नियोजनाला जे महत्त्व प्राप्त झाले आहे, त्याच्या दृष्टीने या जुन्या व्यवस्थेचा इतिहास उद्‌बोधक ठरतो. बांध किती उंच वा भक्कम होता, यापेक्षा तो राखण्याची जबाबदारी कोणावर होती, या गोष्टीवरच येथील जमिनीचे भवितव्य अवलंबून राहिले, असे या इतिहासावरून दिसून येते.

भूरचना : चौल हे अलिबागच्या दक्षिणेस सु. १५ किमी. अंतरावर असून त्याच्या समुद्राकडील बाजूस रेवदंडा हे गाव आहे. कुंडलिकेच्या मुखापलीकडे, दक्षिणेस कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. किनाऱ्यालगत वाळूचे उंचवटे, त्यांच्या आडोशाने नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामागे सखल भातशेती व खाजणे आणि पूर्वेस डोंगररांगा अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. नागाव, अक्षी, चौल, रेवदंडा इ. बागायती गावांचा हा प्रदेश अष्टागर या नावाने ओळखला जातो. या भागातील उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर मोठे असून जवळच्या मुंबई बंदरात ते ४ ते ५ मी.पर्यंत जाते. परिणामतः खाडीकाठच्या सखल जमिनीवर उधाणाचे पाणी दूरवर पसरते. तर पावसाळ्यात डोंगरउतारावरून येणारे गोडे पाणी त्याच जमिनीवरून खाडीकडे वाहते. खारे पाणी बाहेर ठेवणे आणि गोडे पाणी वेळेवर बाहेर काढणे, या दोन्ही गोष्टी एकाच बांधाने साधाव्या लागतात.

बंदर व किनाऱ्यातील बदल : इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रंथात ‘सेमिल्ला’ व दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात ‘सिमिल्ला’ या नावांनी आलेले बंदर म्हणजे चौल होय, असे सामान्यतः मानले जाते. कान्हेरी येथील कोरीव लेखांत त्याचा उल्लेख ‘चेमुल’ असा आढळतो. अरबी लेखक अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला. त्याने या बंदरास ‘सैमूर’ म्हटले असून तेथे सु. दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याची नोंद केली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे आणि रोमन व्यापाराशी संबंधित मृत्पात्रांचे अवशेष मिळाले. निजामशाहीच्या काळात पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखार व १५२१ नंतर रेवदंड्यास किल्ला उभारला. १५७०-७१ मधील निजामशाही वेढ्यातून तो बचावला. पुढे १७४० च्या तहाने तो मराठ्यांकडे आला.

चौलचे व्यापारी महत्त्व कमी होण्यास राजकीय उलथापालथ आणि मुंबईचा उदय ही कारणे जितकी जबाबदार होती, तितकीच खाडीतील बदलती परिस्थितीही. नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू यांमुळे खाडीचे पात्र उथळ होत गेले. ज्या गाळाने जहाजांची वाट अडविली, त्यानेच खाडीकाठी नवी सखल भूमी निर्माण केली. बंदराचे जे नुकसान, तो शेतकऱ्याचा लाभ ठरला. किनारा हा स्थिर नसतो, ही जाणीव येथील लोकांना आधुनिक शास्त्रापूर्वीच होती. समुद्रपातळी पूर्वीही बदलत आली आहे, याचा पुरावा मुंबई बंदरात मिळाला. एकोणिसाव्या शतकात तेथील प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असता भरतीपातळीच्या बरेच खाली जागच्या जागी उभे असलेले वृक्षांचे बुंधे आढळले.

खारबंदिस्तीचे तंत्र : खाडीकाठच्या चिखलट भूमीवर मातीचा बांध घालून तिचे भरतीपासून रक्षण करतात. बांधाची माती जवळच्याच खाजणातून घेतात व लाटांचा मार असलेल्या बाजूस दगडांचा थर बसवितात. नैसर्गिक नाल्याच्या तोंडाशी ‘उघाडी’ म्हणजे पाणी सोडण्याचे द्वार असते. तिची झडप बाहेरच्या बाजूने टांगलेली असल्याने भरतीचे पाणी दाब देऊन ती बंद करते व ओहोटी लागताच आतील पाण्याच्या रेट्याने ती उघडते. अशा प्रकारे मनुष्यबळाशिवाय दिवसातून दोन वेळा निचरा होतो. नव्याने बांध घातलेल्या जमिनीतील क्षार काही पावसाळ्यांत धुऊन जातात व त्यानंतर ती भाताच्या लागवडीस योग्य होते. काळा रता व भुरा रता या क्षारसहिष्णू जाती या जमिनीत पूर्वापार घेतल्या जात. पुढे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ यांसारख्या सुधारित जाती दिल्या. खारेपाटातील तळ्यांत जिताड्यासारखे मासे वाढविण्याचीही प्रथा आहे.

या तंत्राचे मर्म बांधाच्या अखंडतेत आहे. खेकड्यांची बिळे, उंदरांची पोखरण किंवा उधाणाचा तडाखा यांमुळे पडलेली लहानशी फट काही भरत्यांतच रुंदावते. अशा भगदाडास ‘खांड’ म्हणतात. खांड वेळीच बुजविली नाही, तर आतील सर्वच जमीन खारी होते व ती पुन्हा गोडी करण्यास अनेक वर्षे लागतात. एका शेतकऱ्याचे दुर्लक्ष साऱ्या खारीस भोवते; त्यामुळे बांधाची राखण ही स्वभावतःच सामुदायिक बाब ठरते.

शिलोत्री व जोळ : खार जमीन तयार करण्यास मोठे भांडवल लागत असल्याने मराठा व आंग्रे यांच्या अमदानीत अशा कामास उत्तेजन मिळाले. नव्या लागवडीवर आरंभी करमाफी व नंतर चढत्या दराने सारा घेण्याच्या पद्धतीस ‘इस्तावा’ म्हणत. जिल्ह्याच्या उत्तर भागात ज्यांनी स्वखर्चाने बांध घातले, त्यांना ‘शिलोत्रीदार’ म्हणत. बाहेरचा मुख्य बांध व उघाड्या सुस्थितीत ठेवणे हे त्यांचे कर्तव्य असे व त्याबद्दल लागवडदारांकडून त्यांना भाताच्या रूपाने ठराविक हिस्सा मिळे. तो ‘शिलोत्री मण’ या नावाने परिचित होता. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये या पद्धतीचे वर्णन आढळते.

बांधाचे प्रत्यक्ष काम मात्र कसणारे करीत. उन्हाळ्यात गावातील प्रत्येक घराने माणूस देऊन बांधबंदिस्ती करावयाची आणि उधाणात खांड पडल्याची हाक येताच सर्वांनी धाव घ्यावयाची, या प्रथेस ‘जोळ’ म्हणतात. जोळाचा आधार कायदा नसून परस्परांवरील अवलंबन हा होता. शिलोत्रीदाराचे भांडवल आणि जोळाचे श्रम या दोहोंवर खारेपाट उभा होता; परंतु त्यातील लाभाची वाटणी समान नव्हती. श्रम कुळाचे आणि पिकाचा मोठा भाग खोत-सावकाराचा, अशी स्थिती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होती.

चरीचा संप व त्याचे परिणाम : या विषमतेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. आसपासच्या सु. २५ गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले व हा लढा १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. पुढे १९३९ व १९४८ चे कूळ कायदे आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांमुळे जुनी जमीनधारणा संपुष्टात आली. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळांना मालकीहक्क मिळू लागला.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा बदल आवश्यक व युगप्रवर्तक होता. परंतु खारेपाटापुरता त्यातून एक नवा प्रश्न उद्‌भवला. जमिनीची मालकी शेकडो लहान शेतकऱ्यांत विभागली गेली; बांध मात्र एकच राहिला. जमिनीतून उत्पन्न घेणाऱ्या जुन्या धारकाचे बांधाविषयीचे उत्तरदायित्व संपले. नव्या धारकांपाशी मोठ्या दुरुस्तीस लागणारे भांडवल नव्हते. ही पोकळी भरून काढण्याचे काम शासनाकडे आले.

शासकीय व्यवस्था : मुंबई खारभूमी अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला व १९४९ मध्ये खारभूमी विकास मंडळ स्थापन करण्यात आले. योजनेच्या खर्चात शासन व जमीनधारक या दोघांचाही वाटा असे. वसुलीतील अडचणी ध्यानी घेऊन महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ करण्यात आला आणि योजनांची बांधणी व देखभाल शासनाच्या पाटबंधारे (पुढे जलसंपदा) विभागाकडे आली. रायगड जिल्ह्यातील काम पेण येथील कार्यालयामार्फत चालते. शासकीय योजनांनी अनेक खारींचे बांध उंच व रुंद केले, दगडी अस्तर दिले व पक्क्या उघाड्या बांधल्या.

तथापि जोळाची शक्ती मंदावत गेली. बांध शासनाचा, ही भावना रूढ झाली. मुंबईतील व औद्योगिक वसाहतींतील नोकऱ्यांमुळे घरटी माणूस मिळणे अवघड झाले. शासकीय दुरुस्तीस अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा या पायऱ्यांतून जावे लागते, तर खांड दोन भरत्यांत दुप्पट होते. दुरुस्ती लांबली, की जमीन पडीक राहते. पडीक जमिनीच्या धारकास बांधात स्वारस्य उरत नाही, आणि दुर्लक्षामुळे बांध आणखी खचतो. अलिबाग तालुक्याच्या उत्तर भागातील माणकुळे, बहिरीचा पाडा, शहापूर इ. गावांच्या शेतांत बांध फुटून खारे पाणी शिरल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ज्या शेतांत एकेकाळी भाताची कणसे डोलत, तेथे तिवराची झाडे उभी राहिल्याचे दृश्य खारेपाटात दुर्मिळ नाही.

कांदळवने व कायदा : तिवर, चिपी इ. वनस्पतींची कांदळवने लाटांचा जोर कमी करतात, गाळ धरून ठेवतात व माशांच्या पैदाशीस आसरा देतात. बांधाच्या समुद्राकडील बाजूस त्यांचा पट्टा असेल, तर बांधाचे आयुष्य वाढते, हे जुन्या शेतकऱ्यांनाही ठाऊक होते. १९९१ च्या किनारा विनियमन क्षेत्र अधिसूचनेने व तिच्या २०११ आणि २०१९ मधील सुधारित रूपांनी कांदळवनांना संरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ मधील आदेशांनी ते अधिक कडक झाले.

यातून खारेपाटात एक अडचण उद्‌भवली. १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असल्यास उच्चतम भरतीरेषा तेथपर्यंतच धरावी, असे नियम सांगतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बांध हीच समुद्राची सीमा होय. परंतु बांध फुटून आत कांदळवन वाढल्यास ते क्षेत्र संरक्षित ठरते व तेथे बांध पुन्हा घालणे किंवा शेत साफ करणे कठीण होते. दुरुस्तीस झालेल्या विलंबाची किंमत अशा रीतीने शेतकऱ्यास जमिनीच्या रूपाने मोजावी लागते. कांदळवनाचे रक्षण आणि शेतकऱ्याचा हक्क ही दोन्ही न्याय्य उद्दिष्टे असून त्यांतील संघर्ष निसर्गाने निर्माण केलेला नाही. तो मुख्यतः वेळेवर न झालेल्या देखभालीतून निर्माण होतो.

समुद्रपातळीतील वाढ : मुंबई येथे १८७८ पासून भरतीमापकाच्या नोंदी ठेवल्या जात असून शतकाहून अधिक काळातील त्यांची सरासरी पाहता पातळीतील वाढ वर्षास सु. १ मिमी.च्या आसपास दिसते. अलीकडील दशकांत हा वेग वाढला असून उपग्रहांच्या मोजणीनुसार उत्तर हिंदी महासागरात तो वर्षास ३ मिमी.हून थोडा अधिक आढळतो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सु. २० सेंमी.ने वाढली. १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत ती उत्सर्जन अत्यल्प राहिल्यास सु. २८ ते ५५ सेंमी., तर अत्यधिक राहिल्यास सु. ६३ सेंमी. ते १ मी. वाढणे संभवते.

खारेपाटास या वाढीचा धोका दोन प्रकारे आहे. पाणी बांधावरून येणे हा त्यातील दिसणारा प्रकार होय. दुसरा प्रकार कमी दिसणारा, पण आधी जाणवणारा आहे : बाहेरची पातळी वाढली, की ओहोटीच्या वेळी उघाडी उघडी राहण्याचा अवधी घटतो व पावसाचे पाणी आतच तुंबते. अतिवृष्टी व उधाण एकाच वेळी आल्यास बांध शाबूत असूनही पीक बुडते. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांना याखेरीज विहिरींचे पाणी मचूळ होण्याची भीती आहे. कारण वाळूच्या थरांतील गोड्या पाण्याचा साठा समुद्रपातळीशी तोल राखून असतो आणि बेसुमार उपशाने तो तोल लवकर ढळतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किमी.हून अधिक होता आणि रायगड किनाऱ्यावर भरतीपातळीहून १ ते २ मी. उंच लाटवाढीचा इशारा हवामान खात्याने दिला होता. नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. पोफळ लावल्यापासून फळास येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने एका दुपारच्या वाऱ्याने एका पिढीचे उत्पन्न हिरावले. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश असून त्याखाली रायगड जिल्ह्यात खारबंधारे व अलिबाग येथे भूमिगत वीजवाहिन्या यांची कामे घेण्यात आली.

प्रादेशिक नियोजन : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये रायगड प्रादेशिक योजना १९९२ मध्ये मंजूर झाली. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून अलिबाग तालुक्याचा उर्वरित भाग तीत समाविष्ट करण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाल्यावर मुंबई या किनाऱ्याच्या अधिक जवळ आली व जमिनींना मागणी वाढली. शेतजमिनीच्या जागी विश्रामगृहे व बंगले आले, म्हणजे भराव होतात, नाले अरुंद होतात आणि बांधाशी ज्याचे पोट बांधलेले आहे, असा माणूस कमी होतो.

नियोजनाची साधने अनेक आहेत. परंतु ती निरनिराळ्या खात्यांकडे विभागलेली आहेत. जमिनीचा वापर नगररचना विभाग ठरवितो, बांध जलसंपदा विभाग पाहतो, कांदळवन वन विभागाकडे, नोंदी महसूल विभागाकडे आणि आपत्तीचे निवारण जिल्हा प्राधिकरणाकडे असते. जमिनीच्या वापराच्या नकाशावर बांधाची उंची व त्याची अवस्था यांचा विचार झाला नाही, तर ज्या सखल जमिनीचे रक्षण खचत आहे, तिच्यावरच नवी वस्ती वाढण्याचा धोका राहतो.

तुलना : गोव्यातील ‘खाजन’ जमिनींची व्यवस्था याच प्रकारची आहे. तेथे बांध व ‘मानस’ (उघाडी) यांची देखभाल गावकरी संस्थेकडे असे. कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. तेथेही मालकीबदलानंतर देखभाल सैल पडल्याचा अनुभव आहे. मात्र २०११ च्या किनारा अधिसूचनेत गोव्यातील खाजनांच्या नकाशांकनाची व संरक्षणाची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. रायगडच्या खारेपाटास तशी तरतूद लाभली नाही. नेदर्लंड्समध्ये मध्ययुगापासून बांधांसाठी निवडून दिलेली स्थानिक जलमंडळे असून त्यांना कर बसविण्याचा अधिकार आहे. १९५३ च्या महापुरानंतर तेथील शासनाने मोठे बांध उभारले, पण ही मंडळे मोडली नाहीत. शासनाचे भांडवल व स्थानिकांची जागती नजर यांची सांगड तेथे टिकून राहिली.

चौलच्या किनाऱ्यावरील सर्वच खार पुढील शतकात राखता येईल, असे नाही. काही बांध उंच करावे लागतील, काही मागे घ्यावे लागतील आणि काही जमीन समुद्रास व कांदळवनास सोडून द्यावी लागेल. बंदर गाळाने बुजले, तेव्हा चौलने शेतीचा आश्रय घेतला. तसा बदल याही वेळी अशक्य नाही. परंतु कोणती जमीन राखावयाची व कोणती सोडावयाची, हा निर्णय विचारपूर्वक व धारकास मोबदला देऊन घेतला जाणे आणि तो न बुजविलेल्या खांडीने परस्पर घेतला जाणे, यांत मोठा फरक आहे. खारेपाटातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत दुसरीच गोष्ट घडली आहे. शिलोत्रीदाराची सत्ता परत यावी, असे कोणी म्हणणार नाही; तथापि बांधाला कोणीतरी नावानिशी उत्तरदायी असावे लागते, हा त्या व्यवस्थेतील नियम किनारा-नियोजनाला आजही दृष्टिआड करता येत नाही.